नकाशेभाऊ आणि अस्वलाचा उतार

माझ्या घरी पावणेदोन वर्षं राहिलेला माणूस सगळ्या जंगलाचा नकाशा करत होता आणि त्याला माझं घर सापडत नव्हतं. सकाळी हातपंपावर आंघोळीला जायचा आणि परत येताना ओल्या पंच्यासकट शेवंताच्या अंगणात शिरायचा. शेवंता माझी शेजारीण. ती चुलीपुढूनच ओरडायची, "भाऊ, अजून एक घर पुढं! रोजच कसे जी चुकता? का माह्याच घरी राह्याचं हाय?"

तो म्हणायचा, "माफ करा बाई," आणि गळ्यातलं यंत्र काढून बघायचा. मग यायचा. हातपंपापासून माझं दार ऐंशी पावलं असेल, जास्त नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. गावात कोणी त्याला नावानं हाक मारलीच नाही. सगळे नकाशेभाऊ म्हणत. साहेब म्हटलं तर त्याला राग यायचा आणि सर म्हटलं तर तो मागं वळून बघायचा.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, जंगलाला लागून. नाल्याच्या अलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, पलीकडे जंगल. ते जंगल कागदावर ग्रामसभेच्या नावानं झालं तेव्हा पोरांनी ढोल वाजवले. मग दुसरा कागद आला की आता याचा आराखडा करून द्या. बांबू कुठून तोडायचा, गुरं कुठं चारायची, कोणत्या भागाला दोन-चार वर्षं हात लावायचा नाही, नवीन रोपं कुठं लावायची. हे सगळं गावाला माहीत होतं, पण ते डोक्यात होतं, आणि डोकं कापून तालुक्याला पाठवता येत नाही. म्हणून एका संस्थेनं हा माणूस पाठवला. माझी एक खोली रिकामी होती. पोरगा चंद्रपूरला असतो, वर्षातून दोनदा येतो. खोलीत धानाची पोती होती, ती मी भिंतीकडे सारली आणि खाट टाकून दिली.

पहिल्याच दिवशी त्यानं खाट फिरवली. अशी फिरवली की दार अर्धंच उघडायचं. डोकं उत्तरेकडे. मी म्हटलं, "भाऊ, उत्तरेले डोकं मेलेल्याचं करते."

"नकाशात उत्तर वर असते बाई," तो म्हणाला. "डोळा उघडला की मला कळलं पाहिजे कुठं काय आहे."

पावणेदोन वर्षं तो मेलेल्यासारखा झोपला आणि मी अर्ध्या दारातून आत-बाहेर केलं.

वय चाळीसच्या पुढं, पाय काडीसारखे, पोट नाही. मूळचा कुठचा ते त्यानं सांगितलं नाही. त्याचं ते यंत्र, जीपीएस, तो लहान पोराच्या लोकरीच्या मोज्यात ठेवायचा आणि मोजा सुतळीनं गळ्यात बांधायचा. दर रविवारी मोजा धुवायचा आणि वाळेपर्यंत यंत्र हातात धरून बसायचा. मोजा कोणाच्या पोराचा ते मी विचारलं नाही. सांगायचं ते माणूस स्वतः काढतो, नाही काढलं तर सोडून द्यावं.

जेवायला कुरकुर नव्हती. भात, वरण, अंबाडीची भाजी, जे असेल ते. पण कालवायचा नाही. आधी नुसता भात संपवायचा, मग वरण वाटीनं प्यायचा, मग भाजी. मी म्हटलं, हे काय जेवण आहे? तर म्हणे, एकावर एक थर चढले की खालचं दिसत नाही. लॅपटॉपमध्ये त्याचे नकाशे तसेच असत. पाण्याचा एक, झाडांचा एक, वाटांचा एक, बांध्यांचा एक. एकेक उघडून दाखवायचा आणि शेवटी सगळे एकदम लावायचा. मला ते एकदम लावलेलं काही कळायचं नाही. सुटे असले की कळायचे.

त्याला प्रत्येक ठिकाणी एक मिनिट उभं राहावं लागायचं. यंत्राला वरचे उपग्रह सापडावे लागतात म्हणे. तो उभा राहून मोठ्यानं आकडे मोजायचा आणि मध्येच सांगायचा, "आज वर नऊ आहेत." जसे काही पाहुणे. मी वर बघायची, तर नुसतं ऊन. एकदा नाल्याच्या काठावर लाल मुंग्यांच्या घरावरच उभा राहिला. मी ओरडले. तो मोजतच राहिला. साठ झाल्यावर उडी मारली आणि पँट झटकत गोल गोल पळाला. सोबतची माणसं हसून लोळली. मी त्याला त्या रात्री पायाला लावायला तेल दिलं. तो म्हणाला, "मिनिट पुरं झालं नसतं तर परत यावं लागलं असतं."

पण त्याची खरी खोड म्हणजे एकच शब्द. कशावरून?

कोणीही काहीही सांगितलं की कशावरून. शेवंता म्हणायची, "भाऊ, पाणी येऊन राह्यलं, दोरीवरचे कपडे काढा." तो म्हणायचा, "कशावरून?" बाहेर जाऊन वर बघत उभा राहायचा आणि कपड्यांसकट भिजून यायचा. शेवंताचा नवरा तळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ही बोडी माझ्या आज्यानं खोदली. कशावरून? मग वेगवेगळ्या घरी जाऊन तीन जणांना विचारायचं, तिघांनी सारखं सांगितलं तर लिहायचं. आणि त्यानंतरही स्वतः जाऊन त्या जागेवर उभं राहायचं. पाय लागल्याशिवाय त्याच्या वहीत जागा चढत नव्हती.

तो म्हणायचा, "बाई, माणसं खोटं बोलत नाहीत. सोयीचं बोलतात. म्हणून पाय लावावा लागतो."

मी म्हणायची, "दोन्ही एकच हाय."

"नाही. खोटं बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत असते."

ग्रामसभेची जी समिती होती तिच्या अध्यक्षाशी त्याचं याच गोष्टीवरून बिनसलं. समाजमंदिराच्या फरशीवर चुन्यानं गावाचा नकाशा काढायचा होता. पुरुषांनी आधी काढला. त्यांनी रस्ता काढला, देऊळ, शाळा, बांध्या, आणि नाल्याच्या काठची लांब पट्टी दाखवून अध्यक्ष म्हणाला, ही सगळी चराई. गुरांची जागा. नकाशेभाऊ म्हणाला, कशावरून? अध्यक्ष म्हणाला, म्या सांगून राह्यलो ना! दुसऱ्या दिवशी सकाळीच नकाशेभाऊ यंत्र घेऊन पट्टीच्या कडेकडेनं चालला. चालता चालता तो धानाच्या चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. बांधी अध्यक्षाची होती.

पुढच्या सभेत त्यानं लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवलं. "इथं चराई म्हणाले. इथं धान आहे."

अध्यक्ष म्हणाला, "बांधी जराशी सरकली असन जी."

"किती?"

"जराशी."

"दीड एकर."

मग मागून शेवंता म्हणाली, "बांधीले पाय फुटले काय जी अध्यक्ष?" आणि सगळी सभा हसली. अध्यक्षाचा चेहरा काळा पडला. "तुमची मशीन खराब हाय," तो म्हणाला. नकाशेभाऊ शांतपणे म्हणाला, "कशावरून?" मग तर बाया पदर तोंडात घालून हसल्या. त्या दिवसापासून अध्यक्ष त्याच्यासोबत चहा प्यायचा नाही. नकाशेभाऊला ते महिनाभर लक्षातच आलं नाही.

बायकांनी नंतर चुन्यानं दुसरा नकाशा काढला. त्यात रस्ता नव्हताच. मोह होते, चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडांची जागा होती, तेंदूची जागा, उन्हाळ्यात कुठल्या खड्ड्यात पाणी राहते ते होतं. तो त्या नकाशाभोवती तासभर उकिडवा बसून राहिला. मग प्रत्येक बाईला वेगवेगळं घेऊन गेला आणि प्रत्येक जागेवर मिनिट मिनिट उभा राहिला. मीही गेले होते, नाल्याच्या अलीकडची आणि लागूनची झाडं दाखवायला. उतार मी काढला नव्हता.

आता उताराचं सांगते.

मोहाचं झाड कोणाच्या मालकीचं नसते. जंगलातलं असेल तर अजिबात नाही. पण जी बाई फाल्गुनात झाडाखालचा पाला झाडून, जाळून जागा स्वच्छ करते, तिचा त्या वर्षी त्या झाडावर हक्क. तीच पहाटे टोपली घेऊन जाते, तीच फुलं वेचते. दुसरी तिथं हात लावत नाही. पुढच्या वर्षीही मग तीच साफ करते. असं होत होत झाडं घराला चिकटतात. ज्या बाईकडे चांगली झाडं आहेत ती कोणाला जागा सांगत नाही, विचारलं तर दुसरीकडे हात दाखवते. हे सगळ्या जणी करतात.

नाला ओलांडून, मधला धोंड्यांचा उंचवटा चढून गेलं की पलीकडे एक उतार आहे. तिकडे बांबू नाही. गवत करडं, गुरं खात नाहीत. त्यामुळे कोणाचं काम पडत नाही. ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं ते गेले. त्या उतारावर मोहाची मोठी झाडं आहेत आणि मी ती वीस-एक वर्षं एकटी वेचत होते. सुरुवातीच्या एका वर्षी तिथं मला अस्वल दिसलं, दोन पिल्लांसकट. अस्वलालाही मोह आवडतो. मी टोपली टाकून पळाले आणि गावात सांगितलं. अस्वल त्या वर्षानंतर पुन्हा आलं नाही. पण मी दर वर्षी होळीच्या सुमाराला सांगत गेले की उतारावर पायाचे ठसे दिसले. कधी पिल्लं वाढवली, कधी केस सापडले म्हटलं. पोरांना तिकडे जायला बाया मना करत. गावात त्याला अस्वलाचा उतार म्हणतात. माझी टोपली दुसऱ्या बायकांपेक्षा भरलेली का असते हे कोणी विचारलं तर मी म्हणायची, मी लवकर उठते. ते खोटं नव्हतं.

त्या वर्षी फाल्गुनात नकाशेभाऊला हिवताप आला. आमच्याकडे येतोच, पण याला जोरात आला. आशाताईनं बोटाचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. गोळ्या वेळेवर देणं, पेज पाजणं, घामाचे कपडे बदलायला लावणं मी केलं. दुसरं कोण करणार? तापात तो आकडे बडबडायचा. एक, दोन, तीन, साठापर्यंत. मग म्हणायचा, "उतार राहिला." जंगलाचा सगळा नकाशा झाला होता. राहिला होता तेवढा एक उतार.

ताप उतरला पण पायात जीव नव्हता. उठून दारापर्यंत गेला की भिंत धरायचा. नाला ओलांडणं तर दूरच. आणि संस्थेच्या ऑफिसातून रोज फोन. पावसाच्या आधी आराखडा सभेतून मंजूर होऊन गेला पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षीचं काम गेलं. मी खोली झाडत होते तेव्हा त्यानं खाटेवरून लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"बाई, हे बघा. हा उतार. हा वरून काढलेला फोटो उन्हाळ्यातला आहे. पानगळीत झाड असलं तरी दिसत नाही, सगळं करडंच दिसते. तुम्ही तिकडे गेल्या आहात. तिथं मोह आहे का?"

मी झाडू थांबवला नाही. "नाई," म्हटलं.

"काय आहे?"

"दगड. अन् गवत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली, आता कशावरून म्हणेल. तो म्हणाला नाही. अख्ख्या गावाला कशावरून म्हणणारा माणूस मला एकदाही ते म्हणाला नाही. मान हलवली आणि काहीतरी दाबलं. पडद्यावरचा उतार पिवळा झाला.

मला खोटं बोलायला काही वाटलं नाही. माझी झाडं कागदावर गेली नाहीत याचं बरंच वाटलं. कागदावर गेलं की जंगलखात्याचा गार्ड येतो, मग व्यापारी येतो, मग शेवंता येते. नकाशात नसलं म्हणजे माझं असलं, असं मी धरून चालले. चौथी शिकलेल्या बाईचा हिशेब तेवढाच.

वैशाखात सभा झाली. समाजमंदिराच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावला होता. हिरवा, तपकिरी, बोडीचा निळा. नकाशेभाऊ कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, अजून बारीक झालेला. अध्यक्ष एकेक रंग वाचत होता आणि लोक हात वर करत होते. इकडे बांबू तोड. हात वर. इकडे चराई. हात वर, त्यात दीड एकर परत आलं होतं आणि अध्यक्षानं तो भाग फार भरभर वाचला. मग तो म्हणाला, "पिवळा भाग. अस्वलाचा उतार. रिकामी जागा. इथी बांबूचं रोपवन. चारही बाजूनं खोल चर मारायचा, पाच वर्ष कोणी अंदर जायचं नाई. गुरं नाई, माणूस नाई. पाणी पडायच्या आधी चर सुरू. हात वर करा."

हात वर जाऊ लागले. शेवंताचाही गेला. पाच वर्षं. मी सत्तरीच्या पुढची. पाच वर्षांनी मी नाला ओलांडेन याची खात्री कोण देणार? आणि बांबू लावायला उतार साफ करतात, त्यात काय काय जाते ते मी दुसऱ्या गावांत पाहिलं आहे.

मी भिंत धरून उठले. "थांबा. थो उतार रिकामा नाई."

अध्यक्ष म्हणाला, "मंग काय हाय तिथी?"

"मोह."

"किती?"

"अकरा."

नकाशेभाऊ खुर्चीतून पुढं झुकला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवंता हात तसाच वर ठेवून माझ्याकडे वळली. "अन् अस्वल?"

"अस्वल नाई."

"कधीपासून नाई?"

"तुह्या पोरीच्या लग्नाच्या आधीपासून."

"बुढे!" शेवंता उभीच राहिली. "माह्या पोरीले दोन पोट्टे झाले! म्या त्या पोट्ट्यांले सांगून राह्यली, तिकडं नोका जाऊ, आजीनं अस्वल पाह्यलं! अन् तू एकटी टोपल्या भरून राह्यली! तूच अस्वल हाय!"

सभा हसली. मी बसले नाही. हसून झालं की पुन्हा काम सुरू होते, मला ठाऊक होतं. म्हटलं, "मले काय म्हणायचं थे म्हणा. पण हात खाली करा. चर मारला तं कोणालेच नाई भेटणार."

मी हे इमानदारीनं केलं असं कोणी समजू नये. सगळी झाडं जात होती. सांगितलं तर काही उरणार होती.

अध्यक्षानं कितीतरी महिने या दिवसाची वाट पाहिली असेल. तो नकाशेभाऊकडे वळला. "काय जी भाऊ? आमची बांधी तं तुमी इंच इंच मोजली. इथी अकरा झाडं नाई दिसले? आता लिहून घ्या रजिस्टरात, नकाशा चुकला म्हणून. तुमच्या ऑफिसले कळू द्या."

नकाशेभाऊ उठला. भिंतीवरचा नकाशा त्यानं स्वतः काढला आणि गुंडाळला. म्हणाला, "बरोबर आहे. रजिस्टर द्या." आणि सभेसमोर बसून लिहिलं. लिहून सही केली. अध्यक्षानं ते मोठ्यानं वाचायला सांगितलं नाही, पण मला वाचता येते. मी नंतर जाऊन वाचलं. 'उताराची जागा मी स्वतः न पाहता नोंदवली. नोंद चुकीची आहे. दुरुस्ती करून आराखडा पुन्हा सभेपुढे ठेवतो.' त्यात माझं नाव नव्हतं. तापाचंही नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं आधी भात संपवला, मग वरण प्यायला. मी भाजी वाढली. तो काही बोलेना. मला गप्प माणसाचा कंटाळा येतो.

"बोला ना जी भाऊ. शिव्या द्या."

"दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर तिघांना विचारलं असतं," तो म्हणाला. "तुम्हाला एकटीला विचारलं. पद्धत माझी चुकली."

"म्हणजे माही चूक नाई?"

"तुमची आहे. पण ती लिहायला नकाशात रकाना नाही."

भाजी संपवून त्यानं ताट धुतलं. ऑफिसातून फोन आला तेव्हा तो अंगणात गेला आणि बराच वेळ नुसता हो, हो म्हणत राहिला. मला कळलं ते एवढंच की त्याचं दुसरीकडचं काम ठरलं होतं, ते गेलं. त्या दिवसापासून तो मलाही कशावरून म्हणू लागला. चहात साखर टाकली म्हटलं तरी.

तिसऱ्या दिवशी सगळ्या गेलो. मी, शेवंता, आणखी सात बाया, अध्यक्षाचा भाऊ साक्षीला, आणि नकाशेभाऊ. नाला कोरडा होता, तरी दोन ठिकाणी त्याला बायांनी हाताला धरून नेलं. उंचवटा चढताना तो चार वेळा बसला. उतारावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मोहाला नवीन पानं फुटून दाट सावली झाली होती, फळं धरली होती. मग शेवंता म्हणाली, "बाप्पा," आणि खाली बसली.

एकेका झाडाखाली नकाशेभाऊ उभा राहायचा आणि मोजायचा. साठ झाले की बाया झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या आणि तो वहीत लिहायचा. मग पुढचं झाड. अकराव्या झाडाखाली बसून वाटणी झाली. भांडण झालं, पण फार नाही. शेवंताला दोन. बाकीच्यांना एकेक, जिच्या घरी सून आहे तिला सोडून, कारण तिच्याकडे नाल्याजवळची चांगली झाडं होती. मला तीन ठेवली. एक बाई म्हणाली, वयाचा मान. शेवंता म्हणाली, "कायचा मान? वाट दाखवली म्हणून. बुढी लबाड हाय, पण वाट बरोबर दाखवली." पिवळा रंग जाईल, तिथं चर पडणार नाही, हे ठरलं.

बाया डबे सोडत होत्या. नकाशेभाऊ तोंड धुवायला पाणी कुठं आहे म्हणाला. कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. पण एका बाईला ओली माती दिसली आणि तिनं खाली बोट दाखवलं. उताराच्या तळाशी मोठा धोंडा आहे, त्याच्या मागं घळ आहे, घळीत झरी आहे. तो धोंड्याला वळसा घालून उतरला. मी मागून गेले. गुडघे दुखत होते तरी गेले.

झरीवर बारावं झाड आहे. सगळ्यात मोठं तेच. दोन माणसांच्या कवेत मावत नाही, आणि पाणी पायाशी असल्यानं त्याची फुलं सगळ्यात शेवटपर्यंत पडतात. घळीत असल्यामुळं वरून त्याचा शेंडासुद्धा दिसत नाही.

तो झाडाखाली उभा होता. यंत्र हातात होतं, चालूच होतं. वर बघत होता. त्याच्या पायाशी त्या फाल्गुनातल्या राखेचा काळा गोल होता. माझ्या झाडूच्या खुणा कोणालाही ओळखता आल्या असत्या. त्यानं खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं ते मला आजही माहीत नाही.

तो वाकला, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, दोन ओंजळी प्यायला. मग यंत्र बंद केलं.

"चला बाई," तो म्हणाला. "जेवायला थांबल्या असतील."

आराखडा आषाढाच्या आधी मंजूर झाला. उतारावर झाडं अकरा लिहिली आहेत. आठवड्यानं तो गेला. कुठं गेला ते विचारलं नाही. नकाशा समाजमंदिरात काचेच्या चौकटीत लावला आहे, वर धूळ आहे.

बाराव्या झाडाची फुलं मी त्यानंतर तीन वर्षं वेचली. यंदा गेले नाही. माझे गुडघे आता घळीत उतरत नाहीत, आणि फुलं तिथंच सडली. म्हणून लिहून ठेवते. अकराव्या झाडापासून सरळ खाली जावं. मोठा धोंडा उजव्या हाताला ठेवावा. घळीत उतरताना दुसरा दगड रुंद आहे पण हलतो, त्यावर पाय देऊ नये. तिसऱ्यावर द्यावा.